पूजेच्या खोक्यात निघालेलं रिव्हॉल्वर

चाप जाम झालाय असं मला वाटलं, म्हणून मी डेव्हच्या केबिनमध्ये जाऊन तेल मागितलं.

“थोडं ऑइल आहे का? हे फार टाइट चाललंय,” असं म्हणून मी ते पिस्तूल टेबलावर धरलं. किती टाइट आहे ते दाखवायला बोटानं थोडं ओढूनपण दाखवलं. मधलं चाक जरासं फिरलं. नळी डेव्हच्या चहाच्या मगाकडं होती. मगाच्या मागं डेव्ह होता.

डेव्ह आमचा मॅनेजर. आधी आर्मीत होता. माणूस लाल गोरा, पण त्या घडीला कागदासारखा पांढरा पडला.

“दत्ता,” तो एकदम हळू म्हणाला, “बोट बाहेर काढ.”

सहा वर्षं हा माणूस मला ‘डाटा’ म्हणत होता. त्या दिवशी पहिल्यांदा नीट दत्ता म्हणाला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

“अरे, टॉय आहे, डेव्ह.”

“बोट बाहेर. आता टेबलावर ठेव. नळी भिंतीकडं. हळू, मेट, हळू.”

मी ठेवलं. त्यानं बाजूची एक कळ दाबली, तसं मधलं चाक दारासारखं बाहेर आलं. त्यात पाच भोकं. पाचही भरलेली. पितळेची गोल बुडं, माझ्या करंगळीएवढी जाड.

“हे तू कुणाकडं कुणाकडं धरलंस?” डेव्हनं विचारलं.

मी आठवायला लागलो. आधी स्वतःच्या पोटाकडं धरलं होतं, कारण नळीत गंज आहे का ते बघायचं होतं. मग डोळा लावूनपण बघितलं होतं. हे आठवलं आणि मी खुर्चीत बसायला गेलो. खुर्ची चुकली.

आता मी कोण ते सांगतो. मी कराडकडचा, सातवी नापास, तीही दोनदा. बायको इथली, इंग्लंडात लंडनजवळ स्लाऊला जन्मलेली. मी आयात माल. सासऱ्यांनी ओळखीनं ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे इथल्या एमआयडीसीतल्या, एका वेअरहाऊसमध्ये चिकटवलं. दोन हजार सहा-सातचा सुमार. आमच्याकडं लोकांचं घरसामान यायचं. कुणी अमेरिकेतून, कुणी दुबईतून लंडनला बदलून आला की त्याचा अख्खा संसार खोक्यांत भरून आमच्याकडं. कस्टमवाले हो म्हणेपर्यंत तो माल कुलपात ठेवायचा, ह्याला बॉण्ड म्हणतात. काही खोके पॅकर भरतात. काही मालक स्वतः भरतो, त्यावर ‘पॅक्ड बाय ओनर’ लिहिलेलं असतं. म्हणजे आत काय आहे ते मालकाला ठाऊक आणि देवाला.

खोका फाटला किंवा भिजला तर तो उघडून माल नव्या खोक्यात भरायचा. ह्याचा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेला होता, माझ्यासारख्यासाठी चित्रासकट. दोन माणसं पाहिजेत. एकानं काढायचं, दुसऱ्यानं लिहायचं. माझ्याबरोबर लिहायला कॅरोल असायची. बाई चांगली.

त्या दिवशी भिजलेला खोका होता अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून लंडनच्या स्टॅनमोरला चाललेल्या सबनीस नावाच्या माणसाचा. खालून तेल गळत होतं. वर मार्करनं लिहिलेलं, ‘पूजा’. आणि कॅरोल समोर बसून बेकन सँडविच खात होती.

मी म्हटलं, ह्या हातानं ही माझ्या देवाची यादी करणार? म्हटलं, “कॅरोल, तू खा निवांत. हा मी बघतो.” खोका मागच्या रॅकमागं नेला. चामड्याचे सेफ्टी बूट काढले. मोज्यांवर मांडी घालून बसलो, नमस्कार केला आणि उघडला. एकटा.

समई निघाली, ताम्हन, शंख, बाळकृष्ण, उदबत्तीचे पुडे. तिळाच्या तेलाची बाटली फुटली होती, तिनं सगळ्यांना अभ्यंगस्नान घातलं होतं. एकेक पुसून ठेवत होतो. तळाला लाल खणात गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडलं तर पिस्तूल. एवढंसं, तळहातात मावेल असं. नळी बुटकी. मागं घोडासुद्धा नाही, गुळगुळीत पाठ. आणि त्यावर हळदीकुंकू.

आता तुम्हीच सांगा. इंग्लंडात, देवाच्या खोक्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, हळदीकुंकू लावलेलं. माणूस काय समजणार? मी समजलो दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल. पोराचं असेल, दसऱ्याला आईनं कौतुकानं पुजलं असेल. आमच्या घरी सायकलचा पंपसुद्धा पुजायचे. म्हटलं, अमेरिकेत खेळणीपण काय दणकट करतात.

आणि खरं सांगतो, ते हातात धरलं ना, फार बरं वाटलं. जड, पण बोजा नाही. मूठ आपोआप मिटते. खिशात घालून बघितलं, तर कुठं अडकलं नाही, सरळ आत. आरशासमोर उभं राहावं असं वाटलं. आरसा नव्हता हे सगळ्यांचं नशीब. चाप ओढून बघितला तर लई कडक. म्हटलं पोराचं पिस्तूल बिघडलंय, तेल घालून नीट करून पाठवू. गिऱ्हाईक खूश होईल.

तर असा मी डेव्हच्या केबिनमध्ये पोचलो. मोज्यांवर.

पुढचं सगळं झपाट्यात झालं. डेव्हनं केबिनला कुलूप घातलं, अलार्म दाबला, सगळ्यांना बाहेर काढलं. साठ माणसं कार पार्कमध्ये. कॅरोलच्या हातात उरलेलं सँडविच. बंदूकवाले पोलीस आले. इथला साधा पोलीस काठी घेऊन फिरतो, त्यामुळं हे बघूनच लोक दोन पावलं मागं सरकले. त्यांनी विचारलं, कुणी आणलं? डेव्हनं माझ्याकडं बघितलं. कॅरोलनं बघितलं. साठ माणसांनी बघितलं. मी मागं वळून बघितलं, मागं कुणी नव्हतं.

पुरावा पुसला जाऊ नये म्हणून हातांवर कागदी पिशव्या बांधून मला गाडीत बसवलं.

स्टेशनात एक डिटेक्टिव्ह बाई होती. आवाज शांत, शाळेतल्या बाईंसारखा, म्हणून मला जास्तच भीती वाटली. हॅरोहून दुभाषी आली, कॉलेजातली वाटावी अशी मुलगी, जन्म इथलाच.

“काका, ती विचारते की हा बंदूक कुठून आला?”

“खोक्यातून.”

“तुम्ही काढला तेव्हा कोण बघत होता?”

“बाळकृष्ण,” मी म्हटलं. सवय वाईट. मुलीनं ते भाषांतर केलं आणि डिटेक्टिव्हनं लिहून घ्यायला पेन उचललं, “त्याचं आडनाव?”

त्यानंतर मी विनोद केला नाही.

मग टिकल्यांचं पिस्तूल समजावून सांगितलं. मुलगी गोंधळली. “टिकली म्हणजे बिंदी ना, काका? तुम्हाला वाटला हे बिंदीचा पिस्तूल आहे?” मी हातानं फटफट करून दाखवलं. पोलीस स्टेशनात बसून दोन्ही हातांनी गोळीबार करून दाखवणारा मीच पहिला असेन. माझा वकील सरकारी होता. त्यानं कपाळाला हात लावला.

मग डिटेक्टिव्ह बाईनं सगळं सरळ मांडलं. ह्या देशात असलं पिस्तूल घरी, दारी, खिशात, कुठंच ठेवता येत नाही. नुसतं जवळ सापडलं तरी कमीत कमी पाच वर्षं. माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. त्याच्यावर माझ्या बोटांचे ठसे. खोका मी नियम मोडून, लपून, एकट्यानं उघडलेला. आणि माझ्या खिशात तेलाचा डाग, तिथं ते ठेवलं होतं हे मीच कौतुकानं सांगितलेलं.

“सबनीस साहेबांना विचारा,” मी म्हटलं. “त्यांचंच आहे ना.”

मुलीनं डिटेक्टिव्हचं उत्तर ऐकलं आणि ती माझ्याकडं वळली.

“काका, त्यांना फोन केला. तो म्हणाला, माझा नाही.”

मला आधी कळलंच नाही. परत विचारलं. तेच. सबनीस म्हणाला, मी असलं कधी ठेवलं नाही, वेअरहाऊसमधल्या कुणाचं असेल. अहो, त्याचं समईसकट सगळं मी पुसून ठेवलं होतं. पाच गोळ्या बघितल्या तेव्हा खुर्ची चुकली होती. हे ऐकलं तेव्हा खुर्चीत बसलेला होतो तरी पडतोय असं वाटलं. पाच वर्षं. पोरगी तेव्हा चार वर्षांची. बाहेर येईपर्यंत तिनं मला काका म्हटलं असतं.

रात्र कोठडीत गेली. तिचं वर्णन नाही करत, मी रडलो एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिटेक्टिव्ह बाई आली, बरोबर तीच मुलगी. “काका, एक लेडी आली आहे. मिसेस सबनीस. तिनं कॅमेरा आणलाय.”

कॅमेऱ्यात ह्यूस्टनच्या घरचा देव्हारा होता. खंडेनवमीचा फोटो. झेंडूची फुलं, स्वयंपाकघरातली सुरी, नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि मधोमध लाल खणावर ते, हळदीकुंकवासकट. तिनं स्वतः सांगितलं, हे आमचं आहे, खोक्यात मी ठेवलं, त्या माणसाला सोडा.

मला सोडलं. केस मिटेपर्यंत बेलवर, म्हणजे जामिनावर, पण सोडलं. बाहेर बस स्टॉपवर ती बाई एकटीच बसली होती. नवरा आता आत होता.

“दादा,” ती म्हणाली, “माझ्यामुळं तुम्हाला भोगावं लागलं.”

“वहिनी, तुमच्यामुळं सुटलो.”

“ते रात्रभर म्हणत होते, गप्प बस, व्हिसा जाईल. मी म्हटलं, त्या माणसाच्या बायकोला मी काय तोंड दाखवू? मला तिचं नावसुद्धा माहीत नाही.”

मला राहवलं नाही. विचारलं, “पण साहेब शिकलेले, कॉम्प्युटरवाले. त्यांना हे कशाला लागत होतं?”

मग तिनं सांगितलं. ह्यूस्टनला ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकानं साहेबांच्या गळ्याला सुरा लावून पाकीट नेलं. तेव्हापासून झोप नाही. तिथल्या बंदुकांच्या दुकानदारानं हे दाखवलं. म्हणाला, छोटं आहे, खिशात कळत नाही, पण गोळी मोठी आहे, एकीत काम होतं. घोडा आत लपवलाय, कपड्यात अडकत नाही. लॉक नाही, खटका नाही, घाबरलेल्या माणसाला काही आठवावं लागत नाही. फक्त ओढायचं, आणि चाप मुद्दाम कडक, चुकून ओढला जात नाही.

तो मुद्दाम कडक चाप मी तेल घालून हलका करायला निघालो होतो, हे मी वहिनींना सांगितलं नाही.

“रोज निघताना रुमाल, किल्ली, पाकीट आणि ते,” ती म्हणाली. “शांत झोपायला लागले. एकदाच चालवून बघितलं. एवढंसं ते आणि एवढी गोळी, असा झटका बसला की मनगट आठवडाभर सुजलं. परत नाही चालवलं. नुसतं बाळगायचं. मग पँट ओढली जाते म्हणून ड्रॉवरमध्ये. खंडेनवमीला मी विचारलं, ह्याची पूजा करू का? शस्त्रच ना शेवटी. आत गोळ्या असतात हे मला कुठं ठाऊक? पूजा झाल्यावर सगळ्या सामानाबरोबर गुंडाळून ठेवलं आणि विसरले. हे महिनाभर ते घरभर शोधत होते. मला विचारलं नाही, मला काळजी वाटेल म्हणून. चोरीला गेलं असं धरून बसले.”

“आणि पोलिसांत कळवलं नाही?”

“घाबरले, दादा. हरवलं कसं, विचारतील म्हणून.”

माझी केस काही आठवड्यांनी बंद झाली. सबनीसची कोर्टात गेली. खास परिस्थिती म्हणून जेल टळला, पण नोकरी गेली, व्हिसा गेला, संसार पुन्हा खोक्यांत भरून पुण्याला. मला कंपनीनं लेखी वॉर्निंग दिली. डेव्हनं ती वाचून दाखवली, कारण मला वाचता येईना, आणि वाचून झाल्यावर म्हणाला, “डाटा, तू माझ्याकडं नळी धरलीस ते मी ह्यात लिहिलेलं नाही.” मी थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, “आता बाहेर जा.”

लोक विचारतात, ते हातात होतं तेव्हा भीती वाटली का? नाही वाटली. छान वाटलं, आणि त्याचाच मला अजून धक्का आहे. सबनीसलाही छानच वाटलं असणार. दुकानदार खोटं काही बोलला नव्हता. छोटं होतं, सोयीचं होतं, कुठंही मावत होतं. कुठंही मावणारी वस्तू कुठंही हरवते, एवढंच तो सांगायचा राहिला. किल्ली हरवली तर आपण घराबाहेर राहतो. हे हरवलं तर भलताच माणूस कोठडीत बसतो.