ना नंबर, ना ठसा

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बंदुका कमी आन किस्सेच जास्त जमा होतात, हे बाबांनी मले गादीवर बसवतानाच सांगायले पाहिजे होतं. नाही सांगतलं! आता किस्सेच एवढे झाले, की बंदुका ठेवायले जागा नाही.

आमचं दुकान यवतमाळात, लायसनवालं. वावरात रानडुकरं शिरतात म्हणून कास्तकारांजवळ तोंडातून दारू ठासायच्या भरमार बंदुका असतात, त्या दुरुस्तीले येतात. पण खरी गर्दी दुसऱ्याच लोकांची. कोणाच्या माळ्यावर लोखंडाचा तुकडा सापडला, की तो फडक्यात बांधून हजर. "पाह्य बरं भाऊ, कोनत्या रायफलचा पार्ट हाय हा?" पार्टावर ना नंबर, ना ठसा. मी काय ज्योतिषी हाव का?

ज्योतिषी दुसराच हाय. जमादार काका! पोलिसातल्या बंदुका सांभाळण्यात त्यांची जिंदगी गेली. रिटायर झाले आन सरळ आमच्या बाकड्यावर येऊन बसले. पार्ट हातात आला की डोळे मिटतात, बोटं फिरवतात, वास घेतात आन मग निकाल देतात. तिसरा आमचा रामधन, फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा कास्तकार. यवतमाळात कोर्टाची तारीख असली की आधी दुकानात येते, मग कोर्टात जाते. कधी कधी तर कोर्टाचं विसरूनच जाते.

दुकानाचा कायदा एकच. पार्ट आला की आधी ज्यानं त्यानं आपला अंदाज सांगायचा. ज्याचा चुकला, त्यानं किटली घेऊन चौकातून चहा आणायचा. मी आन रामधन इतक्या वेळा गेलो, की चहावाला आमाले कोणाचे तरी नोकर समजते. काकांनी मात्र आजवर किटलीले हात लावला नाही. कारण "चुकलं" हा शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नाही!

*

एक दिवस घाटंजीचे एक म्हातारबुवा बाकड्यावर बसले होते. तंबाखू मळता मळता त्यांनी खिशातून पितळेची गोल डबी काढली. झाकण फिरवलं, झाकणाले आतून बारीक चमचा. त्या चमच्यानं चुना काढून तंबाखूवर ठेवला.

काका ताडकन उठले. "बुवा! ही डबी नाही. ही थ्री नॉट थ्री रायफलची तेलाची बाटली हाय. बंदुकीच्या दस्त्यात राह्यते. याच चमच्यानं शिपाई बंदुकीले तेल देत होते."

म्हातारबुवांनी डबीकडं पाह्यलं, काकांकडं पाह्यलं, तंबाखू गालात दाबली.

"असन. पन मंग थे शिपाई चुना कायनं लावत होते?"

काका खाली बसले.

*

आजकाल लोकं दुकानातही येत नाहीत, मोबाईलवर फोटो पाठवतात. एकानं पाठवला, खाली लिहिलं, "अर्जंट! कोणत्या रायफलचा पार्ट?" फोटो एवढ्या जवळून काढला, की त्याचा अंगठाच दिसून राह्यला होता. पार्ट अंगठ्याच्या मागं कुठंतरी.

काका म्हणाले, "लिही त्याले. अंगठा ओरिजिनल हाय, बाकी काही सांगता येत नाही."

*

ट्रिगरचा किस्सा तर माह्या डोळ्यापुढं घडला. टेबलावर एक खटका पडला होता. काकांनी डोळे मिटले. "घोडा हाय. सिंगल बॅरलचा. बोट घासून घासून गुळगुळीत झाला पाह्य, म्हंजे मालक पक्का शिकारी."

तेवढ्यात मागच्या खोलीतून आमचा साळा आला. "भाऊजी, माह्या फवारणी पंपाचा खटका इथंच ठेवला होता, कुठी गेला?"

मी किटली काकांपुढं सरकवली. काकांनी तिच्याकडं पाह्यलंही नाही.

"काय रे, हा दाबला की सुटते का नाही?"

"सुटते ना काका."

"समोरचा मरते का नाही?"

"बोंडअळी मरते."

"मंग! मी शिकारीच म्हटलं होतं. कायचा शिकारी, ते विचारलं कोनं?"

चहा साळ्यानं आणला.

*

पण काकांचं डोकं कसं चालते, हे पाहायचं असन तर गजाचा किस्सा ऐका. निवडणूक आली की सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. निवडणूक सरली, बंदुका परत वाटल्या, पण दारू-छर्रा ठासायचे गज कोण्या महाभागानं एकाच पोत्यात भरून ठेवले होते! सगळे लोखंडी, सगळे काळे, नंबर एकावरही नाही. कास्तकार हमरीतुमरीवर आले. "हा माहा!" "तुह्या बापानं पाह्यला होता का?" शेवटी ठाणेदारानं काकांले बोलावलं.

काकांनी सगळ्यांले रांगेत उभं केलं. "खरं सांगा. ठासण्याशिवाय घरी गज कायले वापरता?"

ठाणेदारासमोर कोण सांगते! मग एक जण हळूच म्हणाला, "चुलीतला इस्तव सारतो." दुसरा म्हणाला, "दाराले अडसर लावतो." रामधन खाली मान घालून उभा होता.

"रामधन?"

"वांगे भाजतो, काका."

काकांनी पोत्यातला एकेक गज नाकाशी धरला, एक उचलून रामधनच्या हाती दिला. "घे, भरताचा."

रामधननं वास घेतला. "माहाच हाय हो!"

ठाणेदार तोवर गंभीर उभे होते. म्हणाले, "आना इकडं, पाहू द्या." त्यांनीही वास घेतला आन विचारलं, "तिखट हिरवं टाकता का लाल?"

*

आता कळंबच्या दोन भावांचं सांगतो. दसरा तोंडावर आला होता. नाना आन बापू एकाच गाडीनं आले, पण बाकड्याच्या दोन टोकांले बसले. मधात काका. बोलायचं ते काकांशी, एकमेकांशी नाही.

नानांनी लाल फडकं सोडलं. आत हळद-कुंकवानं माखलेला लोखंडी दांडा, त्याले बोंडीसारखी मूठ, खाली पट्टी.

"आमच्या आज्याच्या रायफलचा बोल्ट, गोळी आत सारायचा दांडा. आजा म्हने, या लोखंडानं आपलं घर राखलं. रायफल आमी कधी पाह्यली नाही, हाच राह्यला. दर दसऱ्याले पूजा करतो."

भावाभावांची वाटणी झाली होती. एका घराचे दोन झाले, मधलं दार खिळे ठोकून बंद. बोल्ट नानांकडं.

"मोठ्याचा मान असते," नाना म्हणाले.

"काका, मागच्या दसऱ्याले मी झेंडूचं फूल घेऊन अंगनात उभा होतो," बापूचा आवाज फाटला. "यानं दार उघडलं नाही. आजा माहा नव्हता का?"

"आन वाटनीसाठी कोर्टात कोन गेलं होतं, इचारा त्याले!"

ठरलं असं, की काका रायफल ओळखतीन आन बोल्ट कोणी ठेवायचा तेही सांगतीन. दोघंही मानतीन.

मी नखानं हळद खरवडली. पट्टीले स्क्रूचे छेद दिसले. जुन्या दरवाजाले आतून सरकवायची कडी होती ती! अशी कडी आमच्या न्हाणीले हाय. बाजूले बसलेल्या रामधननंही ओळखली, त्यानं हसू दाबायले गमछा तोंडात कोंबला. सांगावं कसं? आज्यापासूनची पूजा एका शब्दात मातीत, आन भाऊ एकमेकाले जन्मभर त्याचंच बोलत बसतीन.

काकांनी डोळे मिटले. इतका वेळ त्यांनी कोणताच पार्ट हातात धरला नव्हता.

"यानं घर राखलं, हे खरं हाय," ते म्हणाले. "पन हे एकाच्या घरात ठेवायचं लोखंड नाही. याची जागा मधल्या दारावर. तिथंच बसवा, दोघं मिळून पूजा करा."

"पन दार तर बंद हाय."

"मंग खिळे काढा. पूजेच्या टायमाले दार उघडं पाहिजे."

दोघं गेले. रायफल कोणती, हे काकांनी सांगतलंच नाही आन त्यांनीही विचारलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी आमी दुकानातली पूजा उरकून बसलो होतो. फोन आला. मी स्पीकर लावला. नाना बोलून राह्यले होते, मागून बापूचा आवाज, बायापोरांचा गलका.

"काका! चमत्कार झाला! आज्याच्या रायफलचा बोल्ट दरवाजाले असा बसला, जसा त्याच्याचसाठी बनवला! दारावर जुने छेद होते, कायचे थे आमाले कधी समजलंच नव्हतं. सगळेच्या सगळे जुळले!"

"पाया पडतो काका!" बापू ओरडला.

फोन बंद झाला. मी काकांकडं पाह्यलं. "काका, तुमचा अंदाज सांगायचा राह्यला. कोनती रायफल?"

जमादार काका उठले, किटली उचलली आन म्हणाले, "साखर जास्त सांगू का?"