दातदुखीचा सिनेमा

मंडळी, आज दुपारी वाशिंदहून माहेरी, वैशाखऱ्याला आले. आई गेल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. "आमचा तो दातदुखीचा सिनेमा मोबाइलवर गावल का गो?"

गावला. जुना, कृष्णधवल, कुणाला नावही आठवणार नाही असा. नायिका दातांच्या डॉक्टरची मुलगी. तिला बघायला नायक रोज खोटी दातदुखी घेऊन येतो. शेवटी डॉक्टर त्याचा चांगला दात उपटतो आणि हा तोंडात कापूस असतानाच तिला लग्नाचं विचारतो. सगळा सिनेमाभर माणसं नुसती लाजतात. मला फार आवडला.

बाबा मात्र मोबाइलकडे बघतच नव्हते.

लग्न झाल्या झाल्या आईबाबांनी हा सिनेमा जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. तिथे मधोमध दोर बांधलेला असायचा. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष.

"तुझी आय दिसत नव्हती," बाबा म्हणाले. "पण त्या कापसाच्या जागी हसली, ती एवढ्या गर्दीत वळखू आली. नवी नवरी, घरात कुठं हसायची? तिचं हसणं मी तिथंच पैल्यांदा ऐकलं."

कापसाचा प्रसंग आला तसे ते म्हणाले, "आवाज बारीक कर जरा."

मी केला. बाबा मान कलती करून ऐकत राहिले.

आमच्याकडे आईचे फोटो पुष्कळ आहेत. तिचं हसणं मात्र कुणीच रेकॉर्ड केलं नाही. तुमच्याकडे आहे का हो, तुमच्या माणसाचं?