उपासाचं कौतुक

"हाडं साठीच्या बाईची वाटतात," रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऋचा, माझी मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

ती दहा हजार मीटर धावते. दोन महिने उजवी नडगी दुखत होती आणि आम्ही कर्वेनगरच्या घरी नुसता बर्फ लावत होतो. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे न पडता-धडपडता, सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर. मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली.

"पाळी?" बाईंनी विचारलं.

"चौदा महिने नाही," ऋचा खाली मान घालून म्हणाली.

मला पत्ता नव्हता, असं मी बाहेर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. शंका आली होती. धावणाऱ्या मुलींचं असं होतंच, असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते सोयीचं वाटलं.

"खाते का नीट?"

"अहो, उपास फार करते," मी सांगितलं. माझ्या आवाजात चक्क कौतुक होतं. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आमच्या घरात एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. ही मात्र नुसत्या ताकावर. शेजारणींना मी मिरवून सांगायचे. धावणं शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर "जरा हलकी हो, मैदान दबतंय" म्हटल्यावर हे उपास सुरू झाले, हे मला दवाखान्यात कळलं. सगळे हसले होते, तीही हसली होती.

या आजाराला रेड-एस म्हणतात. धावण्यात खर्च होणाऱ्या ताकदीच्या मानाने अन्न पोचलं नाही, की शरीर पाळी आणि हाडं यांवर काटकसर करतं. धावणं बंद झालं. ती जेवताना रडायची. गादीखाली कागदात गुंडाळलेल्या पोळ्या सापडायच्या. मी पहारा देऊ लागले.

"पहारा नको, तिच्याबरोबर जेवा," दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ म्हणाल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्याच दुपारी दोन ताटं वाढली. "मला काही एवढा जात नाही," म्हणत मी निम्मा भात परत पातेल्यात टाकला. लग्न झाल्यापासून मी हेच करत आले आहे. ऋचाने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या ताटातला तेवढाच भात काढून ठेवला.

मी दोघींना भात परत वाढला, वर तूप घातलं आणि आधी स्वतः घास घेतला.

पाळी परत यायला पुढे सात महिने लागले. आता ती हळूहळू धावते. तुमच्याही घरात अशी मुलगी असेल, तर तिच्या ताटाआधी आपलं बघा. मी रोज तिच्यासमोर पोटभर जेवते. प्रत्येक घासाला मला वाटतं, ती बघते आहे.