दुसऱ्या एका मुलीचे वडील

“आज काय मागू तुझ्यासाठी?” अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात माझ्या पहिल्याच आठवड्यात बसच्या ड्रायव्हरनं विचारलं. कॉफीबद्दल विचारताहेत असं वाटून मी घाईघाईनं ‘नको, थँक यू’ म्हटलं. ते देवाकडे काय मागू, असं विचारत होते.

त्यांचं नाव डेल. वय पासष्टच्या पुढचं. आमच्या अपार्टमेंटपासून कॅम्पसपर्यंतची बस ते चालवत. शेवटच्या स्टॉपवर इंजिन बंद केलं, की खिशातली छोटी वही काढून रोजच्या प्रवाशांची मागणी लिहून घेत. कुणाची परीक्षा, कुणाचं आजारी मांजर.

मी पहिल्या सीटवर बसायची. मागे ओळखीचं कुणी भेटलं तर बोलावं लागतं. त्यामुळे डेल यांचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडे. ते खोटं बोलत नसत. एकदा बस दहा मिनिटं उशिरा आली, तेव्हा त्यांनी माइकवरून सांगितलं, “ट्रॅफिक नव्हतं. मी कॉफी पीत बसलो होतो. माफ करा.”

त्यांचा मुलगा नेथन पिट्सबर्गला असे. त्यानं चर्च सोडलं होतं. “त्याच्याशी देवाबद्दल बोलता येत नाही, मतदानाबद्दल तर नाहीच,” डेल म्हणत. “उरलं फुटबॉल. देवाची दया, की दर वर्षी सीझन येतो.”

शनिवारी युनिव्हर्सिटीच्या टीमची मॅच बघायला त्यांनी मला घरी बोलावलं. बायको माझ्यासाठी चिली, म्हणजे त्यांची राजम्याची दाट उसळ, बिनमांसाची करेल म्हणाले. त्यांचं घर बसच्या रस्त्यावरच होतं. अंगणात निवडणुकीची पाटी होती, आणि तिच्यावरचा उमेदवार आमच्यासारख्यांना परत पाठवा म्हणणारा होता. मला जायचं नव्हतं. पण सरळ ‘नाही’ म्हणायची आमच्या घरात कुणालाच सवय नाही. नाही म्हणायचं असलं, की आमच्याकडे कुणाला तरी बरं नसतं. मी म्हटलं, बाबांना हार्टचा त्रास आहे, शनिवारी मी घरच्यांशी बोलते.

बाबा तेव्हा नागपुरात रोज सकाळी बॅडमिंटन खेळत होते.

डेल यांनी वही काढली. “नाव सांग. नाव घेऊन मागावं लागतं.”

मी खरं नाव सांगितलं. विलास.

मग दर शनिवारी हाफटाइमला डेल यांच्या घरी टीव्हीचा आवाज बंद होई आणि दहा-बारा माणसं माझ्या बाबांसाठी प्रार्थना करत; सोमवारी डेल मला सगळं सांगत. दिवाळीला आम्ही भारतीय मुलं एकेक पदार्थ घेऊन जमलो, त्या पॉटलकला मी हे डेल यांच्या उच्चारांसकट सांगितलं. माझी रूममेट सायली म्हणाली, “यार, काकांना हाफटाइमचा आशीर्वाद!” एरवी अशा ठिकाणी मी प्लेट घेऊन कोपऱ्यात उभी असते. त्या दिवशी लोकांनी मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये सीझनमधली सगळ्यात मोठी मॅच होती, संध्याकाळची. नेथन येणार होता. डेल यांच्याकडे एक जास्तीचं तिकीट होतं, ते त्यांनी मला देऊ केलं. मी म्हटलं, बाबांचं ऑपरेशन आहे. भारतात रविवारी सकाळी, म्हणजे इथे शनिवारी मॅचच्याच वेळी. दोन्हीकडच्या वेळांचा हिशेब मी बरोबर केला होता. आपल्याकडे रविवारी सहसा अशी ऑपरेशनं होत नाहीत, हे त्यांना कुठून माहीत असणार.

सोमवारी त्यांनी आधी विलासची चौकशी केली. ऑपरेशन नीट झालं, मी म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मॅच कशी झाली ते विचारलं.

“मी गेलो नाही. चर्चमध्ये बसलो होतो. नेथन मित्राला घेऊन गेला.” त्यांनी आरशात बघितलं, बस सुरू केली. “जरा रागावलाय. येईल.”

थँक्सगिव्हिंगला नेथन आला नाही. ख्रिसमसलाही नाही. डेल यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. प्रत्येक वेळी मी खरं बोलायचं ठरवायची आणि स्टॉप येई.

मे महिन्यात माझा एका वर्षाचा कोर्स संपला, पदवीदान समारंभासाठी आई-बाबा आले. बाबांना मी दुसऱ्या रूटच्या बसनं न्यायची. पण एके दिवशी डेल त्याच रूटवर होते. मी ओळख करून देण्याआधीच ते “विलास?” म्हणाले. ते सीटवरून उठले, बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

“हार्ट कसं आहे आता?”

“हार्ट?” बाबा हसले. “मला काय झालंय? ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा नाही मला.”

डेल यांनी माझ्याकडे बघितलं. बाबांचा हात त्यांनी सोडला नाही.

“माफ करा,” ते म्हणाले. “माझी गल्लत झाली. दुसऱ्या एका मुलीचे वडील आजारी होते.”

“अरेरे. कसे आहेत आता ते?”

“बरे आहेत.”

मी पहिल्या सीटवर बसले नाही, मागे गेले. आम्ही उतरलो तेव्हा डेल यांची वही खिशातच होती. बस वळल्यावर बाबा म्हणाले, “भला माणूस आहे. वय झालंय, विसरतो जरा.”

मी ‘हो’ म्हटलं.