उंबरठ्याखालचा नारळ

आमच्या भंडाऱ्याच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आई करायची. शनिवारी मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून रस गाळायचा आणि बिनखमिराची पोळी भाजून तिचे बारीक तुकडे करायचे. पाळक महिन्यातून एकदा नागपूरहून येत. बाकीचे दिवस मंडळी पंचांच्या ताब्यात, आणि पंचांमध्ये एक मोठे पंच. त्यांचं नाव घेऊन मी माझं तोंड विटाळणार नाही. ते प्रार्थनेला उभे राहिले की पोरं झोपून उठायची, तरी त्यांचं 'आमेन' यायचं नाही. आणि रडायचे तर नळ सोडल्यासारखे.

आणीबाणी उठली त्या सुमाराला शेजारच्या हातमागवाल्यांची म्हातारी वारली. माझ्या जन्माच्या वेळी तीच आईच्या उशाशी बसली होती. तिच्या तेरवीला आई गेली आणि पंगतीत बसून वरण-भात, वडे जेवली. मोठ्या पंचांच्या कानावर ते गेलंच. पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी भर मंडळीत उभं राहून सांगितलं की या बाईनं मेलेल्याला दाखवलेलं अन्न खाल्लं, पाप कबूल करीपर्यंत हिला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवा. पाळकांनी मान डोलावली.

आई म्हणाली, "जेवली मी. पण त्यात पाप काय केलं, ते मले समजून नाही राहिलं. जे समजलंच नाही ते कबूल कसं करू?"

झालं, तिचं भोजन बंद. पण भाकर-रस करायला दुसरी कोणी तयार नव्हती, म्हणून ते काम मात्र तिच्याकडेच राहिलं. दर महिन्याला ती मनुका उकळायची आणि रविवारी तबक तिच्यासमोरून पुढे जायचं. ती खाली बघायची, मी मोठ्या पंचांकडे बघायचे. माझ्या आईच्या तोंडचा घास काढणाऱ्याचं काही बरं व्हावं, असं मला एकदाही वाटलं नाही.

पुढे त्यांनी वरठीच्या रस्त्यावर घर बांधलं. मिस्त्री आमच्याच गल्लीतला. ओट्यावर चहा पिताना तो सहज बोलून गेला की चौकट बसवायच्या दिवशी काकाजींनी, म्हणजे मोठ्या पंचांनी, स्वतः नारळ आणला आणि हळदकुंकू लावून उंबरठ्याखाली ठेवायला लावला. आई म्हणाली, "जाऊ दे. घर बांधतानी जीव घाबरतेच माणसाचा." मला मात्र देव पावला. घराच्या समर्पणाच्या दिवसापर्यंत मी गप्प बसले.

त्या दिवशी सगळी मंडळी जमली, मिस्त्रीही आला. पाळक उंबरठ्यावर उभे राहून प्रार्थना करत होते आणि मोठे पंच बाजूला डोळे पुसत होते. आमेन झाल्याबरोबर मी मिस्त्र्याला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "भाऊ, पाळकसाहेब उभे आहेत, तिथंच ठेवला न तुम्ही नारळ?"

"हे मिस्त्री लोकं काहीबाही करतात. आपल्याले काय मालूम?" मोठे पंच घाईघाईने म्हणाले.

मिस्त्री बिचारा गोंधळला. त्याला वाटलं, आपल्या कामात खोट काढतात. "असं काहून म्हणता काकाजी? तुम्हीच त आणला. मी म्हटलं, तुमच्यात चालते काय? त तुम्ही म्हणाले, राहू दे, कोण पाहाले येते!"

पाळक उंबरठ्यावरून हळूच खाली उतरले. त्या घरचा चहा मी दोनदा मागून प्यायले.

पण माझं सुख महिनाभरच टिकलं. पुढच्या प्रभुभोजनाला मोठे पंच समोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि 'चुकलो, प्रभू' म्हणत, हुंदके देऊन, छाती बडवून रडले. बायकांनी डोळ्याला पदर लावले. पाळकांनी त्यांना उठवून मिठी मारली, त्याच उपासनेत भाकर दिली, वर तबक फिरवायलाही त्यांच्याच हातात दिलं. मग पाळक आईकडे वळले. "बाई, पाहा किती सोपं आहे. तुम्हीही बोलून टाका."

आई उभी राहिली. "त्या घरी मी मायेनं जेवली, पाळकसाहेब. ते पाप होतं असं देवापुढं खोटं कसं बोलू?"

आणि ती खाली बसली. तिनंच भाजलेली भाकर त्या माणसाच्या हातून तिच्यासमोरून गेली. मग रसाच्या पेल्यांचं तबक माझ्यापुढे आलं तेव्हा मी माझा पेला उचलून आईपुढे धरला. तिनं माझा हात बाजूला केला. "चोरून नको," म्हणाली. तो भरला पेला मी त्याच्या तबकात असा आदळला की रस त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आई शेवटपर्यंत मेजाबाहेरच राहिली आणि तशीच गेली. मग तोही गेला. त्याच्या मातीला मी गेले नाही. प्रभूची प्रार्थना मी अजून रोज म्हणते, पण अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली की तोंड मिटते. मंडळीतल्या बाया समजावतात, "आता त गेला न तो. माफ केलं म्हणून दे, तुले काय लागते?" काहीच लागत नाही. तोंडानं म्हणायला काही लागत नाही, हे मी त्याला पाहूनच शिकले. म्हणून म्हणत नाही.