नागाप्पाला शांत वाटलेली गल्ली

नागाप्पा मूळचा गडहिंग्लजकडचा. घरात कन्नड, बाहेर मराठी, असा दोन्ही जिभांवर वाढलेला. मिसरूड फुटायच्या आत कोल्हापुरात आला आणि उद्यमनगरात पॉवर प्रेसवर लागला. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, धाडकन् ठोका पडला की तयार वाटी बाजूला टाकायची. नोकरी सुटेपर्यंत त्यानं हेच केलं. बोटं सगळी शाबूत राहिली याचा त्याला अभिमान होता. प्रेसवरच्या माणसानं दोन्ही हात पसरून सगळी बोटं दाखवणं ही उद्यमनगरात लहान गोष्ट नव्हे. कानांचं मात्र कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही कुणाला सांगितलं नाही.

कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग लहान पोरांची बोलणी, मग बायकांचे आवाज. नागाप्पानं त्यावर आपले उपाय काढले. कट्ट्यावर बसला की आपणच बोलत राहायचं, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची वेळ येत नाही. समोरचा हसला की हसायचं. काही विचारल्यासारखं वाटलं की "व्हय की" म्हणायचं. कोल्हापुरात एवढ्या दोन शब्दांवर माणूस पुष्कळ दिवस काढू शकतो.

लपवायला कारण होतं. गावाकडं त्याच्या एका चुलत्याला ऐकू येत नसे. सगळा गाव त्याला 'किवुडा' म्हणायचा, कन्नडात बहिरा. पोरं मागनं जाऊन त्याच्या पाठीवर खडे मारायची आणि तो भलत्याच दिशेला वळून शिव्या द्यायचा. खडे मारणाऱ्यांत नागाप्पाही असायचा. आपण तसे झालो, हे त्याला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं.

घरात बायको, रत्नव्वा. मुली लग्न होऊन गेलेल्या. रत्नव्वा काही बोलली की तो डाफरायचा, "तोंडातल्या तोंडात काय बोलतीस? जरा जीभ उचल की." ती पुन्हा सांगायची. तो पुन्हा डाफरायचा. पावण्यांसमोरही म्हणायचा, "आमची ही लै हळू बोलती, हिचं हिलाच कळतंय." पावणे हसायचे. हळूहळू रत्नव्वाचं बोलणंच कमी झालं. नागाप्पाला वाटलं, वय झालं की बायका गप्प होतातच.

मागच्या वर्षी संयोगिता नावाची एक मुलगी गल्लीत आली. शहराच्या आवाजांवर ती कॉलेजात अभ्यास करत होती. आवाज किती मोठा हे मोजायचं यंत्र असतंच, पण तिला तेवढं नको होतं. माणसाला तो आवाज कसा लागतो, ते तिला हवं होतं. एखाद्या माणसाला घेऊन ती शहरातून हिंडायची, ठरलेल्या जागी थांबायची, केसाळ टोपडं घातलेला माइक पुढं धरायची आणि म्हणायची, "डोळे मिटा. काय ऐकू येतंय सांगा. आणि तो आवाज कसा वाटतो? हवासा, त्रासाचा, गजबजीचा, की शांत?" उत्तरांप्रमाणे ती नकाशावर रंग भरायची.

तरुण मंडळाच्या पोरांनी तिला नागाप्पाचं नाव सुचवलं. "मामा लै बोलतात," ते म्हणाले. कट्ट्यावर सगळ्यांदेखत ती विचारायला आली तेव्हा तिचे ओठ हलताना दिसले, पोरं माना डोलावताना दिसली, आणि नागाप्पानं "व्हय की" म्हणून टाकलं. कशाला हो म्हणालो, हे त्याला दुसऱ्या दिवशी माइक बघून कळलं. तिनं दिलेला छापील कागद त्यानं दोनदा वाचला: डोळे मिटून ऐकायचं होतं. पण आता माघार घ्यायची म्हणजे कारण सांगावं लागणार.

कपिलतीर्थ मंडईत त्यानं डोळे किलकिले ठेवले. भाजीवाली तोंड उघडून ओरडत होती, मागं रिक्षा उभी होती. "भाजीवाल्या बायका," तो म्हणाला. "रिक्षाचा हॉर्न. गजबज हाय, पर बरी वाटती." संयोगितानं लिहून घेतलं. रंकाळ्याच्या काठावर त्यानं पाण्याकडं आणि झाडाकडं चोरून बघितलं. "पाखरं. पाण्याचा आवाज. शांत." खरं तर पाठीमागं आइस्क्रीमच्या गाडीचा जनरेटर धडधडत होता. संयोगिताला नवल वाटलं. नकोसा आवाज बाजूला सारून हवा तेवढाच ऐकणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

शेवटची जागा त्याच्याच दारासमोर होती. इथं मात्र त्यानं डोळे खरोखर मिटले. आपलीच गल्ली, तिच्यात चोरून बघायचं काय.

"शांत हाय," तो म्हणाला. "आमची गल्ली पयल्यापासनं शांत. कसला तरास न्हाय बघा."

त्याच्या घराच्या भिंतीला लागून राजवर्धनची ग्रिल-दरवाजे करायची शेड होती. नवीनच सुरू झालेली. शटर अर्धं ओढलेलं होतं आणि आत लोखंडावर ग्राइंडर चालू होता.

महिन्याभरानं मंडळाच्या हॉलमध्ये संयोगितानं आपलं काम गल्लीला दाखवलं. पडद्यावर नकाशा, त्यावर रंग. पुढं राजवर्धन, मंडळाची पोरं, बायका एका बाजूला. नागाप्पाला मानाची खुर्ची दिली होती. संयोगिता सांगत होती की, सवयीनं माणसाचा कान कसा बदलतो. या गल्लीत ग्राइंडरला बहुतेकांनी त्रास म्हटलंय, पण शेडच्या भिंतीला लागून राहणाऱ्या एका ज्येष्ठ काकांना तीच जागा शांत वाटते. तिनं नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजही नव्हती.

राजवर्धन उठला. "ऐकलं न्हवं सगळ्यांनी? नागाप्पामामा भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांना तरास न्हाय. मग बायडाबाईलाच कसा हुतोय?"

बायडाबाई शेडच्या पलीकडच्या घरातली. तिच्या नवऱ्याला, आकारामला, अर्धांगाचा झटका येऊन तो अंथरुणाला खिळला होता. दुपारी ग्राइंडर लागला की तो दचकून थरथरायचा, लहान पोरासारखा रडायचा. दुपारपुरतं मशीन बंद ठेवा, एवढंच ती कधीपासून मागत होती. ती उठून काहीतरी बोलू लागली. मागनं कुणीतरी म्हणालं, "बायडाबाईचं कान लै नाजूक." हॉल हसला.

नागाप्पानं बघितलं ते एवढंच: सगळे आपल्याकडं बघतायत आणि हसतायत. तोही हसला. मान हलवून मोठ्यानं म्हणाला, "व्हय की."

बायडाबाई खाली बसली.

घरी आल्यावर रत्नव्वा स्वयंपाकघरात त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोलू लागली. तो सवयीनं म्हणाला, "तोंडातल्या तोंडात काय..." तिनं त्याचा दंड धरला. कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून, हॉलमध्ये काय झालं ते सगळं सांगितलं. राजवर्धन काय म्हणाला, लोक कशाला हसले, आणि नागाप्पा स्वतः कशाला हसला.

नागाप्पा पाटावर बसला. म्हणाला, "मला ऐकू येत न्हाय, रत्नव्वा."

"गोत्तैति," ती म्हणाली. ठाऊक आहे.

"कवापासनं?"

"धाकटीच्या लग्नाच्या आधीपासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी मलाच म्हणत हुता, हळू बोलतीस. म्हटलं, ऱ्हाऊ दे तसंच. चारचौघांत तुमची मान खाली जायला नगं."

तो त्या रात्री जेवला नाही. नंतर कट्ट्यावर जायचं त्यानं सोडलं. पोरं दारावरून हाक मारत असतील तर त्याला ऐकू येत नव्हती, आणि दिसली तरी तो आत सरकायचा. शेवटी एका सकाळी टोपी घालून तो संयोगिताच्या कॉलेजात गेला. तिच्या खोलीत उभा राहून म्हणाला, "पोरी, मी तुला खोटं सांगितलं. मला ऐकू येत न्हाय. जे दिसलं ते सांगत गेलो. डोळं मिटल्यावर तेबी न्हवतं."

संयोगिता गोरीमोरी झाली. त्याच्या तोंडाकडं बघून सावकाश म्हणाली, "माझ्याही लक्षात यायला पाहिजे होतं, काका. मला तुमचं उत्तर आवडलं, म्हणून मी पुढं विचारलंच नाही."

"आमच्या गल्लीतलं ऐकव मला. आवाज वाढवून."

तिनं हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि आवाज वाढवत नेला. तिला बाहेर ऐकू येऊ लागलं तेव्हा कुठं नागाप्पाचा चेहरा बदलला. आधी एक खरखर आली, लोखंड घासल्याची. ती थांबतच नव्हती. त्यावर त्याचा स्वतःचाच आवाज आला, मोठा, ऐटीतला: "शांत हाय."

आणि त्याच्या मागं एक बाईमाणूस बोलत होतं. "अवं, पोरीला आत बोलवा की. चहा ठेवलाय." थोडं थांबून पुन्हा, "अवं, ऐकताय न्हवं?" मग पुन्हा.

रत्नव्वा त्या दिवशी दारात येऊन उभी होती. तो डोळे मिटून आपल्या गल्लीचं कौतुक करत होता.

तिचा आवाज हळू नव्हता. दारातून रस्त्यापर्यंत खणखणीत पोचेल असा होता. कधीच हळू नव्हता. नागाप्पानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तोंडावर टोपी धरून बसून राहिला. टोपी खाली आल्यावर संयोगितानं कागदावर लिहून विचारलं, तुमची उत्तरं काढून टाकू का? तो म्हणाला, "काढू नगंस. म्हाताऱ्याला ऐकू येत न्हवतं, असं लिव त्याच्यापुढं."

तिथून तो सरळ बायडाबाईच्या घरी गेला. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. बायडाबाई आकारामला पेज भरवत होती. तिनं वाटी खाली ठेवली नाही. त्याच्याकडं तोंड करून, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "तुमास्नी ऐकू येत न्हवतं, मान्य हाय. पर दिसत तर हुतं की. हॉलमध्ये मी रडत हुते."

बहिरेपणाच्या मागं लपायला जागा आहे असं नागाप्पाला इथं येईपर्यंत वाटत होतं, तीही गेली. तो तसाच उभा राहिला. तिनं बसा म्हटलं नाही.

मग तो शेडमध्ये गेला. राजवर्धननं हातानंच विचारलं, काय काम? नागाप्पा त्याच्या कामगारांसमोर बोलला. "मी बहिरा हाय. हॉलमध्ये माझं नाव घेऊन तू जे बोललास, त्याला काय अर्थ न्हाय. दुपारचं मशीन बंद ठेव." राजवर्धन कामगारांकडं बघून हसायला गेला, पण कुणी साथ दिली नाही. दुपारी बंद ठेवायला तो लगेच तयार झाला नाही. नागाप्पा रोज दुपारी जाऊन शेडच्या दारात बसू लागला. काही बोलायचा नाही. आत-बाहेर करणाऱ्यांना त्याला ओलांडून जावं लागे. आठवडाभरातच घासायचं काम राजवर्धननं सकाळी घेतलं. बायडाबाई त्यानंतरही नागाप्पाशी बोलली नाही. समोरून आला तर पदर सारखा करून पुढं जायची. ते बरोबरच आहे, असं तो म्हणायचा.

धाकट्या मुलीनं सरकारी दवाखान्यात नेऊन त्याच्या कानांची तपासणी करवली. कानाचं मशीन मिळालं. पहिले काही दिवस त्याचं डोकं दुखलं. भांड्यांचा, नळाचा, चपलांचा एवढा गोंधळ असतो हे तो विसरूनच गेला होता. पण तो ते काढत नसे.

एका संध्याकाळी तो जेवायला बसला होता. रत्नव्वानं भाकरीकडं बोट केलं आणि भुवया उंचावल्या, अजून वाढू का म्हणून. घरात ती आता अशीच विचारायची.

"बोल की," नागाप्पा म्हणाला. "ऐकू येतंय मला."

रत्नव्वा थांबली. तिनं थोडा विचार केला.

"काय बोलू?" ती म्हणाली, आणि खरंच तिला काही सुचत नव्हतं. नागाप्पानं मान खाली घातली. तिनं भाकरी वाढली.