तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

इराणातल्या काशानच्या बाजारामागच्या बोळात फरामर्जचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि भिंग लावलेला दिवा. आधी तिथे त्याचा बाप घड्याळं उघडून बसायचा. बाप गेला, घड्याळं गेली, फोन आले, आणि फरामर्जने बापाचाच चिमटा फोनांत घातला. सुरुवातीच्या वर्षांत त्याचं नाव झालं ते जेलब्रेकमुळे. परदेशी फोनाला कंपनीने आतून घातलेलं कुलूप तो असं तोडायचा की कंपनीलाही पत्ता लागू नये. मग कंपनी ज्याला परवानगी देत नाही ते त्यात घालता येई, आतल्या सगळ्या खोल्यांतून हिंडता येई. पार इस्फहानहून लोक फोन घेऊन यायचे.

पंचावन्नाव्या वर्षी मात्र हे काम अंगावर आलं की तो दोन्ही तळवे टेबलावर ठेवायचा. डाव्या हातावर फायदे, उजव्यावर तोटे. डाव्याची एक-दोन बोटं कशीबशी वाकायची. उजव्याची पाचही.

"बँकेचं ॲप रुसणार. कंपनीची हमी गेली. पुढच्या सुधारणा यायच्या बंद. तुम्हाला दार उघडं म्हणजे चोरालाही उघडं. आणि अर्ध्यात बिनसलं, तर फोनची वीट."

समोर कव्हरं विकणारा हेशमत ऐकत असायचा. "दुकान कशाला मांडलंय मग? दारावर पाटीच लाव, घरी जा म्हणून."

डाळिंबं बाजारात आली त्या आठवड्यात तूबा खानम आली. सत्तरीची बाई, चादरीचं टोक दातांत धरलेलं. तिने रुमालाची गाठ सोडून जुना फोन टेबलावर ठेवला.

"फरामर्ज आगा, माझा म्हातारा यात अडकलाय."

तिचा म्हातारा, उस्ता सफरअली, फरामर्जला ठाऊक होता. गावात कोणाला नव्हता? चाळीस वर्षं त्याने मागासमोर बसून गालिच्याची नक्षी गायली. कागद नाही, रेघ नाही, सगळं डोक्यात. "दोन डाळिंबी, एक सोड, तीन निळे," असं तो चालीवर म्हणायचा, विणणाऱ्या बायका गाठ मारून "आला" म्हणायच्या, की पुढची ओळ. छातीत कफ धरायला लागला तेव्हा त्याने शेवटच्या गालिच्याची नक्षी दोन हिवाळे बसून या फोनात म्हणून ठेवली. सून गोलअंदाम फोन मागावर टांगून विणायची. मग रोजे संपता संपता त्याला झटका आला आणि जीभ गेली. आणि महिन्याभरात कंपनीने सगळी इराणी ॲपं एका फटक्यात बंद पाडली. त्यात ते आवाजाचं ॲपही गेलं. बोट लावलं की उघडायचं आणि पापणी लवायच्या आत मिटायचं.

"अर्धा गालिचा झालाय ना? उरलेला अर्धा त्यालाच उलटा फिरवून विणा," फरामर्ज म्हणाला.

"झाड आहे हो ते. खालून वर चढणारं. बुंधा विणून झालाय, फांद्या याच्या पोटात आहेत."

फरामर्जने फोन हातात घेतला. हातातच तो एकदा बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्याला ते आवडलं नाही. त्याने तळवे टेबलावर ठेवले. डाव्या हाताचं एकच बोट वाकलं, कुलूप तुटलं तर आतल्या खोलीत जाऊन आवाज उचलून आणता येतील. मग त्याने उजव्या हाताचा अंगठा वाकवला.

"फोन थकलाय, खानम. मधेच बसला तर आतलं सगळं घेऊन बसेल."

"मी तसबीचे मणी मोजून कौल घेतला. मधलाच आला, बरा नाही की वाईट नाही."

"मग?"

"मग परत घेतला."

"परत घ्यायचा नसतो."

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

तो हसला. हसला तिथेच तो अडकला, असं पुढे त्याला वाटायचं.

"असं करू," तो म्हणाला, "आधी अख्ख्या फोनाची नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवतो. जुनं धूड आहे, तीनेक तास खाईल. मग कुलुपाला हात घालतो."

तूबाने खिडकीबाहेर पाहिलं. चार गिऱ्हाइकं ताटकळत होती. "छे छे, माझ्यापायी कशाला एवढा त्रास."

"त्रास कसला? काढू ना?"

"नका हो. तुमच्या जिवाला आधीच काय कमी ताप आहे."

पहिला नकार हा नकार नसतो, दुसराही नसतो, हे त्याला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक होतं. जेवायला या म्हणा, पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा हात धुतो. पण तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी फुटकी काच आत सरकवली, "आगा, माझं बघा आधी." फरामर्जने काच घेतली. तीन तास वाचले होते. तिच्या दुसऱ्या नकारात त्याची सोय होती, आणि ती त्याने गुपचूप उचलली.

ती गेल्यावर त्याने फोन तारेला जोडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. पाऊण वाटेवर थांबली. त्याने पुन्हा केलं. मग कंपनीची खूण उजळली, विझली, उजळली, विझली. दुपारभर तेच. चार दिवस तेच. त्याने बॅटरी बदलली, तार बदलली, इस्फहानच्या ओळखीच्या कारागिराला फोन लावला, रोज सकाळी हात धुऊन नव्याने बसला.

पाचव्या दिवशी हेशमत चहा घेऊन आला. "नक्कल आहे ना? मग एवढा काय झुरतोस?"

फरामर्जने भिंगावरून मान वर केलीच नाही.

"काढली नाहीस?" हेशमतने पेला खाली ठेवला. "अरे, नकलेतूनच आवाज निघाले असते कदाचित. कुलूप तोडायचं कामच पडलं नसतं."

"माहीत आहे."

"आधीपासून माहीत होतं?"

"हेशमत, चहा ठेव आणि जा."

शेवटी त्याने करायचं नव्हतं ते केलं. सगळं पुसून फोन पहिल्यापासून उभा केला. फोन उठला, हसऱ्या अक्षरांत नमस्कार म्हणाला. आत काही नव्हतं.

सफरअलीच्या घरी मधल्या खोलीत माग उभा होता. डाळिंबी बुंधा कमरेइतका चढलेला, त्यावर नुसते ताणलेले पांढरे धागे. गोलअंदाम मागासमोरच्या फळीवर बसली होती. विणायला काही नव्हतं, तरी ती तिथेच बसे. फरामर्जने फोन तूबाच्या हातात दिला आणि जे झालं ते सांगितलं. सांगताना शब्द बदलले नाहीत, की फोनावर ढकललं नाही.

"मी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

तूबाने फोन चादरीआड धरला. "तिसऱ्यांदा मी हो म्हणणार होते."

मग केल्या कामाचे आभार मानतात तसं तिने सवयीने म्हटलं, "तुमचे हात न दुखोत." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आतल्या गादीवर म्हातारा जागा होता. किती ऐकलं, किती कळलं, कोण जाणे. तो गुणगुणायला लागला. चाल अचूक होती. तीच ती चढण, तोच शेवटचा हेलकावा. गोलअंदाम ताठ झाली. तिचा हात वर टांगलेल्या लोकरीच्या गुंड्यांकडे गेला. आता रंग येईल. चाल रंगाच्या जागी पोचली, तिथे म्हाताऱ्याच्या तोंडातून नुसता "आ" आला. पुन्हा "आ". चाल पुढे गेली. ओळ संपली तशी तो थांबला, बायकांनी "आला" म्हणायचं असतं तेवढा वेळ. कुणी म्हटलं नाही. गोलअंदामचा हात निळ्या आणि डाळिंबी गुंड्यांच्या मधे तसाच राहिला.

फरामर्ज दाराकडे वळला.

"चहा घेऊन जा," तूबा म्हणाली.

"नको, खानम. दुकान उघडं टाकून आलोय."

"घोटभर घ्या."

"नको, खरंच नको."

तिने समोवरच्या तोटीखाली पेला धरला. "बसा, फरामर्ज आगा. चहा घ्या."

तो भिंतीला टेकून खाली बसला. तिने पेला त्याच्यापुढे ठेवला, शेजारी खडीसाखर. आतून म्हाताऱ्याने दुसरी ओळ सुरू केली.